एकेचाळीस बिळं

मुरबाडच्या पुढे, बारवीच्या वरच्या अंगाला
एक पाडा आहे. माझ्या नकाशात त्याचं नाव नव्हतं,
एक निळा ठिपका होता, खाली क्षमता घनमीटरमध्ये
आणि तिच्याखाली माझी सही.

ठिपका पौषातच कोरडा पडायचा.
दोनदा लेव्हल लावली, दोनदा उतार मोजला,
बांध हातभर चढवला.
पाणी न सांगता निघून गेलं.

तुळी मेंगाळ म्हणाली, "साहेब, वर काय बघता?"
गुडघ्यावर बसली, बांधाच्या पोटात
कोपरापर्यंत हात घातला
आणि काळा खेकडा नांगीला धरून ओढून काढला.
"ह्यो तुमचा चोर.
ह्याची वाट तीच पाण्याची."
चोर ओच्यात गेला, रात्रीच्या कालवणाला.

मग चुन्याची फक्की घेऊन मी तिच्या मागे मागे.
एकेचाळीस बिळं.
माझ्या तक्त्यात बिळांना रकाना नव्हता.
'इतर'खाली लिहिली.

वैशाखात बांध चिरला.
खालच्या खाचरातली चिकण माती पाटीपाटीने वर आली,
भिजवली, आणि तिच्यावर दामा आगिवलेच्या अठरा म्हशी
दिवस मावळेपर्यंत फिरल्या.
रोलरचं भाडं अंदाजपत्रकात तसंच पडून आहे.

पाऊस आला तसा गेला. त्याचं काय सांगायचं.

दिवाळीनंतर वीटभट्टीचा मुकादम टेम्पो घेऊन आला,
उचल मोजायला, दर साली येतो तसा.
सात घरं चढली.
चार घरं ओट्यावरून उठली नाहीत.

तुळीने बांधाखाली भेंडी लावली.
मोगरा लाव म्हटलं, भाव आहे.
म्हणाली, "त्याला दोन-तीन वरसं जातात.
तेवढी वरसं एका जागी ऱ्हायाचं
आधी शिकाया लागंल."

तिच्या दाराला सहा-सहा महिने असायचं ते कुलूप
आता तळ्याच्या झडपेला आहे.
किल्ली रोज रात्री घर बदलते.
भट्टीवर गेलेल्यांची पाळी आली
की त्यांच्या बंद दाराच्या कडीला टांगून ठेवतात.
त्या दिवशीचं पाणी
तळ्यातच थांबतं.

होळीच्या आधी गेलो. मांडीभर होतं.
बांधाच्या डाव्या कुशीला ताजी माती उकरलेली,
बोटभर ओल.
तुळी भेंडी तोडत होती, हाक मारली असती तर आली असती.

लेव्हलची पेटी खाली ठेवली.
बाही वर केली.
कोपरापर्यंत.

आत कुणीतरी होतं.