साय

सहाव्या दिवशी छातीतल्या नळीतून
लाल नाही, पिवळं नाही,
पांढरं आलं.

दूधच ते, परिचारिका म्हणाली, तुमचंच.
हृदय नीट शिवलंय.
शिवताना शेजारची केसाएवढी वाहिनी दुखावली,
अंगी लागायचं ते वाटेतच सांडतंय.
आता साय काढलेलं दूधच चालेल.

ओयुनगेरेलला हसू आलं, सहा दिवसांत पहिल्यांदा.
आयुष्यभर दुसरं काय केलं?
याकच्या दुधाची कढई, शेणीची मंद आच,
पळीनं उंचावरून ओतत राहायचं, फेस धरेपर्यंत,
सकाळी जाड घडी अलगद उचलायची.

पण स्वतःच्या दुधाची?
यंत्र गरगरतं, वर बोटभर पिवळं तरंगतं.
टाकून द्या, म्हणतात.
ती टाकत नाही.
खिडकीबाहेर, उलानबातरच्या धुरात, उणे एकतीसमध्ये
डबीत दगड झालीय ती साय.

बाळ एनेबिश. म्हणजे ‘हा तो नव्हे’.
आधीची दोन गेली, म्हणून सासूनं ठेवलेलं,
आपल्याकडे दगडू ठेवतात तसं:
न्यायला येणारा दार चुकलं समजून परत फिरावा.

बाटलीच्या पट्टीवर रोज आकडा.
एकशे दहा. नव्वद. एकशे चाळीस.
काल साठ.
आज तिनं विचारलं नाही. नुसतं पाहिलं:
तांदळाच्या तिसऱ्या धुवणासारखं काहीतरी.

पहाटे तिनं डबी उघडली,
नखानं कपचा खरवडून आभाळाकडे उडवला.
‘हा तो नव्हे,’ म्हणाली.
हाक मारली की कुणाला बजावलं,
शेजारच्या खाटेवरच्या बाईला कळलं नाही.