शिवण

रात्री सव्वादोनला तो स्वतःच्या पायांनी आला.
एका हाताने टोपी डोक्याला दाबून धरलेली,
दुसऱ्यात केसपेपर.
आनंदा मारुती सणस, वय त्रेपन्न, कोपरी गाव, वाशी.
व्यवसायापुढे कुणीतरी ‘लेबर’ लिहिलं होतं.
ते त्याने मला खोडायला लावलं.
“माथाडी लिहा, बाई. बिल्ला आहे माझा.”

तुर्भ्याच्या कांदा-बटाटा बाजारात थप्पी सरकली,
वरची गोणी उजव्या कानशिलावर.
दोन मिनिटं काही कळलं नाही म्हणाला,
मग उठलो, चहा घेतला,
आणखी अकरा गोण्या टाकल्या.

हे चहाचं सांगणंच मला आवडत नाही.
चहा गोड होता की फिका हे ज्याला आठवतं
तो बराच असणार, असं सगळे धरून चालतात.

टेबल आत सरकलं.
पडद्यावर कवटी चकती चकतीने उतरू लागली.
या हाडांची नावं परीक्षेपुरती पाठ केलेली:
ललाटास्थी, पार्श्विका दोन, मागे पश्चकपाल,
तळाशी जतूकास्थी, पंख पसरलेलं वटवाघूळ,
आणि नाकाच्या मुळाशी झर्झर, नावासारखीच चाळण.
तिला तडा गेला की नाकातून पाणी गळतं
आणि माणूस म्हणतो, सर्दी झालीय.
डोळ्यांभोवती काळं धरतं, कानामागे निळं उमटतं,
घरचे विचारतात, कुणी मारलं का?

आणि कानशील.
अख्ख्या डोक्यात हाड इथे पापडासारखं,
आतल्या अंगाने एक धमनी खोबणीतून गेलेली.
आपण पोरांना पिढ्यान् पिढ्या
नेमकी तिथेच लगावतो.

शिकताना मी प्रत्येक शिवणीला भेग म्हणायचे.
पेडणेकर सर वैतागायचे:
अगं, भेग सरळ पळते, तिला कडा असते.
शिवण नागमोडी. तिला कुठे जायची घाई आहे?
आमच्या घणसोलीत म्हणतात,
पाचव्या रात्री सटवाई कपाळावर लिहून जाते.
ते अक्षर मी वाचते,
आतल्या बाजूने, पगार घेऊन, रात्रपाळीला.

सणसांच्या कानशिलातून एक रेष
सरळ वर गेली होती. एक वळण नाही.
तिच्या आत, हाडाला चिकटून,
मसुराच्या दाण्यासारखं फुगलेलं पांढरं.
ताजं रक्त आमच्याकडे पांढरं दिसतं.

एका हाताने फोन फिरवत मी माईकवर म्हटलं,
काका, बोलत राहा.
“काय बोलू?”
गाव सांगा.
“मेढ्याच्या पुढं. घाट लागतो. घाट चढला की...”
तो घाटातच राहिला.

पुढचं वरच्या मजल्यावर झालं.
भूल, ड्रिल, हाडाची झडप उघडून
वाटीभर गोठलेलं बाहेर.
माझ्याकडे टोपी उरली,
तिच्या घडीत कांद्याची दोन सालं.
टाळूपाशी त्याचं हाड मला जाड वाटलं होतं.
एकतीस वर्षांच्या ओझ्याने की जन्माचंच, देव जाणे.
रिपोर्टात त्याला रकाना नाही.

पाच आठवड्यांनी पुन्हा तपासणीला आला.
आधी टोपी मागितली.
केस अर्धे उगवलेले, त्यांतून टाक्यांची वाट.
मग पडद्याकडे बोट: “ही वाकडीतिकडी काय?”
ती शिवण. जन्मापासूनची.
तो जवळ सरकला, मान तिरकी केली,
माल पारखावा तसं पाहिलं.
“दाभणाचं काम आहे. गोणीचं तोंड आम्ही असंच शिवतो.
पण हात साफ आहे हो. ही नाही उसवायची.”

दुसऱ्या रेषेबद्दल त्याने विचारलं नाही.
जरा वेळाने म्हणाला,
“डोक्यावर नको म्हणतात डॉक्टर.
पाठीवर चालेल का, तेवढं विचाराल?”

मी केसपेपर पुढे ओढला.
व्यवसायाचा रकाना या वेळी
कुणी भरलाच नव्हता,
आणि तो माझ्या पेनाकडे बघत होता.