रिकामं टरफल

फानेसी, तुझ्या वाटणीच्या शेंगा
यंदाही मीच सोलतेय.
तू गेलीस त्या वर्षी पोतं तसंच राहिलं कोपऱ्यात,
आणि खोलीतला वास जावा म्हणून
आईनं निलगिरीचा पाला जाळला.
कुणी म्हणालं, करणी. कुणी तुझ्या नवऱ्याचं नाव घेतलं,
कुणी तुझंच.

न्खोटाकोटाच्या दवाखान्यातली एनेलेसी नर्स
कुणाचंच नाव घेत नाही.
अंगाला अंग लागलं की येतो, म्हणते,
बहुतेकींकडून वर्ष-दोन वर्षांत निघूनही जातो.
एखादीकडे राहतो.
बारीकशा खरचटीतून उतरतो पेशींच्या तळाच्या ओळीत
आणि गप्प बसतो.
दहा वर्षं. पंधरा.
तू तळ्याकाठी मासे वाळत घालत होतीस,
दोन बाळंतपणं झाली,
ना दुखलं, ना खुपलं,
आणि आत, पेशीला ‘थांब, पुरे’ म्हणणारे जे असतात
त्यांचीच तोंडं तो बंद करत होता.

मीही झोपले त्या निळ्या रेक्झिनवर,
चितेंजे वर सरकवून, छताचे पत्रे मोजत.
तिनं व्हिनेगर लावलं.
चिप्सच्या टपरीसारखा वास.
मिनिटभर थांबली.
“पांढरा डाग आहे, नखाएवढा.”
पेनासारखं काही तापवून टेकवलं त्यावर.
पाळीसारखी कळ आली, गेली.
मी उठून इतकी रडले
की तिला वाटलं, भाजलं.

व्हिनेगर तेव्हाही मिळत होतं, फानेसी.

काल शाळेत बर्फाची पेटी आली.
नऊ वर्षांच्या मुलींची रांग, त्यात आपली ताडाला,
आणि मागे कुजबूज: यानं पुढं मूल होत नाही म्हणे.
मी ओच्यातली एक शेंग फोडली,
दाणे खाऊन टाकले,
दोन्ही अर्धुकं जुळवून तिच्या हातावर ठेवली.
सुईत एवढंच असतं, म्हटलं, टरफल.
आत दाणाच नाही, तर उगवणार काय?
पण रक्तातले पहारेकरी हा चेहरा लक्षात ठेवतील,
खरा आला की दारातच धरतील.

तिनं ते कानाशी नेऊन हलवलं.
वाजलं नाही.
मग बाही वर केली.

तुझी मर्व्हिस आता सव्वीसची झाली.
बाजार आहे, वेळ नाही, म्हणते.
गुरुवारी दवाखान्याचा दिवस.
तिची टोपली मी उचलेन डोक्यावर,
आणि तिला पुढं घालीन.