पावडी

फियाट आमच्या घरी आली ती पगाराऐवजी.
मिल बंद पडली तेव्हा मालक म्हणाले,
पैसे नाहीत नरसय्या, ही घेऊन जा.
बासष्टचं मॉडेल, रंग दुधी भोपळ्याचा,
गियर स्टिअरिंगच्या दांड्यावर.
साखर पेठेतल्या आमच्या बोळात ती शिरेना.
दारोदार विड्या वळत बसलेल्या बायका
सुपं उचलून उठल्या, तेव्हा कुठे आत आली.

माझे पाय तिसऱ्या वर्षीच थांबले होते.
रविवारी नान्ना मला उचलून शेजारच्या सीटवर ठेवायचा
आणि कंबर तलावापर्यंत एक फेरी.
मी तलाव बघत नसे.
मी खाली बघत असे, त्याच्या पायांकडे.

पोरवयात तो खड्डामागावर बसलेला माणूस.
पाय खड्ड्यात, पायांखाली पावड्या, हातात धोटा.
म्हणायचा, गाडी म्हणजे मागच गं,
फक्त कापड निघत नाही.

तो गेला. गाडी अकरा वर्षं पत्र्याखाली,
अंगावर आमचीच एक डाग पडलेली चादर.
भंगारवाला चौदा हजार म्हणाला.
भाऊ म्हणाला, दे.
मी दिली नाही.

अक्कलकोट रोडवर लाडलेसाब नदाफचं गॅरेज आहे.
त्यानं बोनेट नंतर उघडलं.
आधी माझे हात बघितले,
टॉवेलच्या कारखान्यात बावीस वर्षं खतावण्या लिहिलेले,
कुबड्या रेटून रेटून मनगटाशी जाड झालेले.
"होतंय की," म्हणाला. "चहा घ्या."

मग तीन महिने.
उजवीकडे एक दांडा: पुढे ढकलला की ब्रेक,
खाली दाबला की पेट्रोल.
गियरच्या दांड्याला बांधला राजदूतचा क्लच.
केबल पहिल्याच दिवशी तुटली.
दुसरी तुटली.
तिसरीला माझा पंजा असा आखडला
की रात्री भाकरी मोडता येईना.
लाडलेसाबनं लिव्हर वीतभर लांबवला, मध्ये एक कप्पी घातली,
आणि स्वतःशीच कानडीत कुणाला तरी शिवी दिली.
स्टिअरिंगला एका हातानं फिरवायला मूठ हवी होती.
बाजारातली प्लास्टिकची निसटायची.
मी घरून नान्नाची जुनी लाकडी कांडी नेली.
ती बसली.

"पेडल कापू का?" त्यानं विचारलं.
ब्रेकवरचं रबर डाव्या कडेला झिजलेलं होतं,
नान्ना तसंच पाऊल तिरकं टाकायचा.
म्हटलं, राहू द्या.

म्हणून आता असं होतं:
मी दांडा पुढे ढकलते
आणि खाली, माझ्या निजलेल्या पावलांच्या शेजारी,
पेडल आपलं आपण दबतं.
पहिल्यांदा बघितलं तेव्हा
मी गाडी बंद करून बसून राहिले.
लाडलेसाबला वाटलं, काहीतरी बिघडलं.

आरटीओतला साहेब फॉर्म वाचत म्हणाला,
गोदावरी नरसय्या चिट्याल, वय एक्कावन्न,
या वयात कशाला?
मी उत्तर दिलं नाही. आठ काढून दाखवला.
त्यानं आणखी एकदा काढायला लावला.
मला वाटतं, त्याला बघायचं होतं.

होटगी रोडला पहिल्यांदा चाळीसचा वेग घेतला
तेव्हा लाडलेसाब शेजारी होता.
समोर उसाची ट्रॉली आली.
मी हातानं थांबवत होते
आणि त्याचे दोन्ही पाय, नसलेला ब्रेक
जिवाच्या आकांतानं दाबत होते.
"मेल्लगा, मेल्लगा," मीच त्याला म्हटलं,
नान्ना जसा म्हणायचा, हळू गं, हळू.
तेलुगू त्याला येत नाही. समजलं मात्र.

काल सर्व्हिसिंगला गेले होते.
गॅरेज रिकामं बघून तो म्हणाला,
ताई, एकदा मी चालवून बघू?
मांडी घालून बसला सीटवर, पाय नको मध्ये म्हणून.
तीनदा बंद पाडली.
चौथ्यांदा गाडी बेडकासारखी उडून
टायरांच्या ढिगाला टेकली.
घाम पुसत म्हणाला, अवघड आहे हो हे.

मी म्हटलं, पाय आठवू नका.