तुरटी

रामकुंडाच्या पायरीवर बिडवेमामांचा वस्तरा
कानामागे जरासा निसटला.
तुरटी टेकवली. थेंब थांबेना.
पुन्हा टेकवली.

मग सांगावं लागलं:
आज दादांचा दहावा.
पोटरीतली गुठळी त्यांच्या फुफ्फुसात जाऊन बसली.
मलाही झालेली, दोन वर्षांमागं.
तेव्हापासून रात्री आठला वॉरफरीन,
मेथी-पालक मोजून,
दर महिन्याला शरणपूर रोडच्या लॅबमध्ये
बाही वर.

मामांनी वस्तरा पुसून ठेवला,
अंगठा दाबून धरला.
पलीकडे गुरुजींची घाई,
पिंडाला कावळा शिवेना,
अंगठा तसाच.

दहा मिनिटांनी उचलला.
"धरलं," म्हणाले.

दादांच्या रक्ताला एवढंच तर येत होतं.

उरलेलं अर्धं डोकं
मामांनी मशीननं केलं.