घर बंद, सरासरी

अडतीस टक्के म्हणत होता
आणि अडतीसवरच गेला.
सोसायटीच्या टँकरचा हिशेब जुलैपर्यंत आलेला,
काळ्या पडद्यात माझाच चष्मा.

एकतीस वर्षं मी वीज मंडळाचे मीटर वाचले.
दत्तवाडी, लोकमान्यनगर, पर्वती पायथा.
आकडा खोटा आहे असं कुणी म्हटलं
की माझा आवाज चढायचा.
चकती फिरते, आकडा सरकतो,
त्यात माझं-तुझं काय?

तापकीर गल्ली, दुसरा मजला.
चार्जरच्या माळा बाजूला सारत
निलोफर बागवान म्हणाली, काका, ठेवा इथे.
थोडा भरला, मग वायर काढली,
उजेड पूर्ण वाढवला, कुठलासा व्हिडिओ लावला.
पंखा घरघरायला लागला.
"भार दिल्याशिवाय कळत नाही," म्हणाली,
"निवांत बसलेला कुणीही बरा दिसतो."
मी जिना चढून आलो होतो,
श्वास नाकानेच, हळू घेत राहिलो.

एकेचाळीस.
चाळीस.
चाळीस.
एकोणचाळीस.
सहा.
अंधार.

"कायम चार्जिंगला लावून ठेवता?"
हो. काढलं तर संपेल, म्हणून.
"खिडकीपाशी?"
हो.
"एप्रिल-मेमध्येही?"
मी गप्प. तीही गप्प.
पुण्यात एवढ्यात पुरेसा अपमान होतो.

मग ती सांगत गेली, स्क्रू काढता काढता.
शंभर दाखवतो ना, मग शंभर कशाचे ते विचारा.
नवी होती तेव्हा अठ्ठेचाळीस वॅट-तास मावायचे,
आता एकवीस.
टाकी आकसली,
'काठोकाठ' हा शब्द तेवढा तसाच राहिला.
आणि हे एकवीससुद्धा त्याने मोजलेले नाहीत, काका,
आत डोकावायला झरोकाच नाही.
किती आलं, किती गेलं, दाब किती,
यावरून अंदाज बांधतो बिचारा.
मधल्या पट्ट्यात दाब जवळजवळ सपाट,
साठ काय अन् चाळीस काय, सारखंच.
पुढे एकदम कडा.
तीन सेल एकामागे एक जोडलेले,
एक दमला की बाकीचे दोघेही बसतात,
त्यांच्याकडे असलं तरी.

झाकण निघालं.
बॅटरी ओल लागलेल्या वहीसारखी फुगलेली.

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही.
कारण अंदाज मीही बांधले आहेत.
दाराला कुलूप दिसलं की वहीत लिहायचं:
घर बंद, सरासरी.
ब्याण्णव साल, लोकमान्यनगर.
कुमुद शाळिग्राम बिल घेऊन खिडकीशी आल्या.
चौसष्ट युनिट.
"आम्ही दोन महिने ससूनमध्ये होतो,
परत मी एकटी आले," म्हणाल्या.
"घरात दिवासुद्धा लागला नाही हो,
मग हे चौसष्ट जळले कुठे?"

मी नियम सांगितला.
नियम बरोबरच होता.
पुढच्या बिलात वळते करून दिले, पैशापर्यंत.
त्या मात्र खिडकीशी उभ्याच राहिल्या,
मागची रांग खाकरेपर्यंत.

"फुगली नसती," निलोफर म्हणाली,
"तर एकदा पूर्ण उतरवून पूर्ण भरा म्हटलं असतं.
आकडा ताळ्यावर येतो त्याने.
बॅटरी सुधारत नाही हं, फक्त आकडा.
ही मात्र घरी नेऊ नका."
जुनी तिने वाळूच्या डब्यात ठेवली,
झाकण न लावता.

नवी बावीसशे, सहा महिन्यांची वॉरंटी.
पावतीवर तारीख घालून घेतली.
पडदा उजळला: शंभर.
कशाचे, मी विचारलं.
ती हसली, पुढच्या गिऱ्हाइकाला म्हणाली, बोला.

उतरताना पायऱ्या मोजल्या.
सव्वीस.
चढताना मोजल्या नव्हत्या.