डोळा बांधल्यावर

नाव घेतलं एका कंपनीकडून,
वर्षाचे आठशे एकोणपन्नास,
आणि जागा घेतली दुसरीकडे,
कारण तिथं पहिले तीन महिने फुकट होते
आणि बाबा म्हणाले, फुकट आहे तर तिथंच घे.

म्हणून नाव इकडे, घर सिंगापुरात.
मधे कुणी कुणाला ओळखत नाही.
सावंगीच्या नर्सरीचं नाव टाकलं
की एक कोरी पाटी उघडायची,
खाली बारीक अक्षरात : हे नाव विकाऊ असू शकते.
वर्ध्याच्या आतेभावानं ती पाहिली
आणि थेट बाबांना फोन :
"मामा, नर्सरी विकली का काय?"
त्या रात्री बाबा अर्ध्या ताटावरून उठले.

लाईन आली दुपारी साडेतीनला.
हिरव्या जाळीखाली, निंबोळी पेंडीच्या पोत्यावर लॅपटॉप,
शेजारी बाबा, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली.
सिंगापूरच्या घराचा आकडा त्यांनी वाचून दाखवला
जसा ते सातबाऱ्यावरचा गट नंबर वाचतात,
टिंबाला थांबून, पुन्हा मागे जाऊन.
मी टाकला. त्यांनी पडताळला.
एकोणसाठच्या जागी मी एकोणसत्तर लिहिले होते.
पहिलीपासून माझी ही खोड.
दहानं चुकले असते
तर आमची सगळी रोपं घेऊन नाव
कुणाच्या दारात उभं राहिलं असतं, कोण जाणे.

जतन केलं.
पडद्यावर आलं : सगळीकडे पसरायला
अठ्ठेचाळीस तास लागू शकतात.
"पसरायला म्हणजे? पाटाच्या पाण्यासारखं?"
तसं नाही बाबा. जागोजागी वह्या आहेत,
त्यात आपला जुना पत्ता लिहून ठेवलाय.
ज्या वहीची मुदत संपते, ती खोडून नवा विचारते.
"म्हणजे तलाठ्यासारखं," बाबा म्हणाले,
आणि एकदम सगळं समजल्यासारखे
मोटार सुरू करायला गेले.

मी बसले. पान उघडलं, कोरी पाटी.
बंद केलं. उघडलं. कोरी पाटी.
मागच्या वाफ्यात झिंगरूजी डोळे बांधत होते.
जंभेरीच्या सालीला वीतभर उंचीवर चीर,
आडवी एक, उभी एक,
संत्र्याच्या काडीवरचा डोळा पात्यानं अलगद सोलून
सालीआड सरकवायचा,
वर प्लास्टिकची पट्टी, तीन वेढे, गाठ.
मान वर न करता ते म्हणाले,
"घडीघडी पट्टी सोडून पाहू नोको व पोरी.
डोया सुकते."

मी लॅपटॉप मिटला.
पाच मिनिटांनी पुन्हा उघडला, ते सोडा.

संध्याकाळी वर्ध्याहून फोटो आला :
आमचं पान! बाबांचा हार घातलेला फोटो
(तो सत्काराचा, मी शंभरदा सांगितलं हा नको),
खाली दर, खाली नंबर.
इथं मात्र, नर्सरीच्या मधोमध,
बाबांच्या फोनवर अजून कोरी पाटी.
वर्ध्यात आम्ही होतो.
सावंगीत अजून विकाऊ होतो.
रात्री बाबा खाट घेऊन बाहेर झोपले,
फोन उशाशी,
जणू वही खोडायला कुणी येईल
तर कुत्र्याआधी त्यांना कळावं.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमारास उघडलं.
कसलाच आवाज झाला नाही.
बाबांनी आईला दाखवलं,
दूधवाल्याला दाखवलं,
आणि मग काय करायचं ते न सुचून
फोन पुसून खिशात ठेवला.

चौथ्या दिवशी काटोलकडून पहिला फोन.
पान पाहून केलाय म्हणाले, दोन हजार रोपं पाहिजेत.
खुंट कोणता, विचारलं. बाबांनी सांगितलं, जंभेरी.
मग जरा थांबून,
"डोळे झिंगरूच बांधते ना अजून?"

बाबांनी वाफ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
मी सगळं पान वरपासून खालपर्यंत सरकवलं.
त्यात ते नाव कुठंच नव्हतं.